गट नंबर

राजीनामा लिहायला मला तीन दिवस लागले. एरवी दुसऱ्यांचे अर्ज लिहून देण्यात माझा हात सगळ्या पंचक्रोशीत चालता. पाणीपट्टीचा, खोडव्याची नोंद राहिल्याचा, भावाभावांच्या भांडणात उसाचं बिल अडकल्याचा. माणसाचं बोलणं संपायच्या आत माझा अर्ज तयार असायचा. स्वतःच्या अर्जात मात्र 'कारण' ह्या शब्दापुढं पेन सरकंना. शेवटी 'घरगुती अडचणीमुळे' असं लिहून मोकळा झालो. खरं कारण लिहिलं असतं तर हेडक्लार्कनं मला आधी दवाखान्यात नेलं असतं.

हे 2003 सालचं. आदल्या पावसाळ्यात उसावर लोकरी मावा आला होता. पानाच्या पाठीला पांढरी लोकर, वरून काळी काजळी, फडात शिरलं की अंगावरची कापडं चिकट व्हायची. त्यात पाऊस नाही. ऊस नाही म्हणून गाळप नाही, गाळप नाही म्हणून पगार नाही. चार-चार महिने नुसती सही करून आम्ही घरी जात होतो. तेव्हा 'चांगली नोकरी सोडली' असं जे लोक माझ्याबद्दल सांगतात, त्यात 'चांगली' हा शब्द निम्माच खरा आहे. पण नोकरी होती. खुर्ची होती. वय त्रेचाळीस, थोरली मुलगी लग्नाची, धाकटा नववीत, आणि शेत चार एकर, त्यातलं दोन एकरच पाण्याखालचं.

मंडळीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "नोकरी सोडताय ती सोडा. पर त्या डबड्यापायी सोडताय असं गावात सांगू नका. पोरीचं लगीन व्हायचंय."

डबडं म्हणजे कॅमेरा.

ते डबडं घरात कसं आलं ते सांगायला मागं जावं लागेल. आमचं मूळ रान भीमाकाठचं. 1980 साली उजनी धरण पुरं झालं आणि काळी कसदार जमीन पाण्याखाली गेली. बदल्यात माळावरची मुरमाड हाती आली. मी 1976 ला दहावी झालो होतो, पुढं शिकायची ऐपत नव्हती. 1981 ला कारखान्याच्या शेतकी खात्यात स्लिपबॉय म्हणून चिकटलो. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामात कुठल्या टोळीनं कुणाच्या फडात कोयता लावायचा, कुणाची गाडी भरली, त्याच्या चिठ्ठ्या फाडत फडोफडी हिंडायचं. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर सायकल व्हायची. पगार थोडा, पण मला ते काम आवडायचं. सकाळी सहाला दव पडलेल्या उसाच्या कडंनं जाताना काय काय दिसतं, ते टेबलावरच्या माणसाला आयुष्यात दिसायचं नाही.

एकदा एका फडात तोड संपत आली होती. मधे खाटंएवढा चौकोन राहिला होता. तोडणीवाले म्हणाले, आत काहीतरी आहे. त्यातून रानमांजर सुटलं ते थेट बांधापार. आणि पाचटात तीन पिल्लं, डोळे नुकते उघडलेले. टोळी बीडकडची. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, हात लावू नका रं, वास लागला तर आई नेणार नाही. तिनं पाचटासकट पिल्लं उचलून टोपलीत घेतली, बांधाच्या कडंला नेऊन ठेवली, आणि सगळ्यांना लांब हाकललं. दिवस बुडाल्यावर ते मांजर आलं. टोपलीला एक फेरी मारली. एक पिल्लू मानंला धरून नेलं, परत आलं, दुसरं नेलं. तिसऱ्याला इतका वेळ लागला की टोळीतल्या पोरींनी श्वास धरून ठेवले होते. मी गाडीच्या जुवावर बसून बघत होतो. चिठ्ठी फाडायची राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी मला ॲग्री ओव्हरसियरनं झापलं.

ही गोष्ट मी घरी सांगितली, ऑफिसात सांगितली, चावडीवर सांगितली. सगळीकडं एकच प्रश्न आला. "फोटू हाय का?"

नव्हता. आणि ज्याचा फोटो नाही ते घडलंच नाही, असा त्यांचा हिशोब. माझ्या मनात ते रुतून बसलं. पुढं 1998 ला बारामतीच्या एका स्टुडिओवाल्याकडून जुना निकॉन एफएम टेन घेतला, हप्त्यानं. कॅमेरा मी काही कलेबिलेसाठी घेतला नाही. माझं बोलणं लोकांनी खरं धरावं, एवढ्यासाठीच घेतला.

तोवर मला टेबल मिळून दहा वर्षं झाली होती. ऊस नोंदणीचं रजिस्टर माझ्याकडं. सभासदाचं नाव, गाव, गट नंबर, लागणीची तारीख, उसाची जात, क्षेत्र. को 740 जाऊन को 86032 आला, रकाने तेच राहिले. हेडक्लार्क म्हणायचे, "नाव चुकलं तर कोणी तरी ओळखंल, पण गट चुकला तर एकाचं बिल दुसऱ्याच्या खात्यात जाईल." त्यामुळं गट नंबर माझ्या हाडात गेला. अजूनही एखाद्या रानाचं नाव काढलं की मला आधी आकडा आठवतो, मग माणूस. आणि दुसरं काम म्हणजे 'उद्या या' सांगणं. उसाला तुरा आलेला, वजन घटत चाललेलं, शेतकरी टोपी काढून टेबलापुढं उभा. तोडीचा प्रोग्राम माझ्या हातात नसायचा. तो वर ठरायचा, कसा ठरायचा ते सगळ्यांना माहीत होतं. पण तोंड माझं. बावीस वर्षांत किती जणांना 'उद्या या' म्हणालो त्याचं रजिस्टर नाही, ते बरंच आहे.

कारखान्याच्या वाचनालयात मला व्यंकटेश माडगूळकर सापडले. मारुती चितमपल्ली सापडले. रात्री कंदिलावर वाचायचो आणि वाटायचं, ही माणसं बघा, रानात जगतात आणि रान सांगतात. हे मी एकदा मंडळीला बोलून दाखवलं. तिनं धाकट्याकडून पुस्तकामागची माहिती वाचून घेतली. मग म्हणाली, "हे आकाशवाणीत नोकरीला. हे वनखात्यात नोकरीला. दोघांनी नोकरी करूनच लिवलं की!" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

फंडाचे पैसे आले ते मुलीच्या लग्नाला ठेवायचे ठरले होते. त्यातले चाळीस हजार मी मंडळीला न सांगता मोठ्या भिंगासाठी आणि रोलसाठी काढले. कळलं तेव्हा ती महिनाभर बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. लग्नाच्या वेळी तिनं आपल्या पाटल्या मोडल्या. त्या पाटल्या अजून परत झालेल्या नाहीत. हे मी इथं लिहितोय ते तिला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिवा. लोकांना बी कळूद्या."

पहिली तीन वर्षं बारशाचे, साखरपुड्याचे, मयताचे फोटो काढून घर चालवलं. मयताचे पैसे लोक रोख देतात, लग्नाचे बुडवतात, हा अनुभव. उरलेला वेळ माळावर.

आमच्या इंदापूर तालुक्याचा माळ ज्यांनी एसटीतून बघितला असेल त्यांना वाटेल, इथं काय आहे? कुसळी, पवन्या, तरवड, मधेच एखादी हिवर नाहीतर बोर. सरकारी कागदावर 'पडीक'. पण त्या पडीकात चिंकारा आहे, खोकड आहे, तरस आहे, थंडीत भोवत्या घारी कुठून कुठून येऊन गवतात मुक्काम करतात. आणि लांडगा आहे. आमचं पाणी बघायला, भिगवणला रोहित पक्षी बघायला, तेव्हाही पुण्यामुंबईची माणसं यायची. माळ बघायला कोणी येत नव्हतं.

मीही सुरुवातीला चुका केल्या. पांढरा सदरा घालून गेलो. वारा पाठीशी घेऊन बसलो. चालत चालत जवळ जायला बघितलं. सहा महिने मला लांडग्याचं फक्त ढुंगण दिसलं. मग एका धनगर आबांच्या मेंढरांमागं हिंडायला लागलो. आबांचा वाडा दर वर्षी त्या माळावर उतरायचा. त्यांनी शिकवलं ते एवढंच, की बसून राहायचं. मेंढरांच्या कडंला घोंगडी पांघरून बसलेला माणूस लांडग्याला नवा नाही. उभा राहून त्याच्याकडं तोंड करून चालणारा नवा आहे. आबांच्या मेंढरांतलं वर्षाला एखाद-दुसरं कोकरू जायचंच. त्यावर ते ओरडायचे, काठी घेऊन धावायचे, कुत्री सोडायचे. पण संध्याकाळी चुलीपाशी त्याचा राग नसायचा. "त्येचा वाटा हाय," म्हणायचे. सगळे धनगर असं म्हणत नाहीत हेही सांगतो. ज्याची तीन-चार एका रात्रीत जातात तो कशाला म्हणेल?

2006 साली सोलापूरला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष चितमपल्ली. मी एसटीनं गेलो, पिशवीत वीस-बावीस फोटो. कुणाला दाखवायचं धाडस झालं नाही, मांडवात मागं उभा राहून ऐकलं आणि परत आलो. पण रानात आयुष्य काढलेला माणूस त्या खुर्चीवर बसलेला बघितला, आणि येताना गाडीत मनाशी ठरवलं, आपण जे बघितलं ते आता लोकांपुढं मांडायचं.

त्याच थंडीत नाही, पुढच्या. एका ओघळीच्या काठाला, खोकडाचं जुनं बीळ उकरून मोठं केलेलं, तिथं लांडगीण व्याली. आबांना हे माहीत होतं असं मला मागून कळलं. ते मला बोलले नव्हते. मी माझं मी हुडकलं, रोज पहाटे एकाच दिशेनं जाणारा नर बघून. दीडशे पावलांवर बोरीच्या आडोशाला गोणपाट अंगावर घेऊन नऊ दिवस बसलो. दहाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. चार. लांडग्याचं पिल्लू लहानपणी गडद चॉकलेटी असतं, छातीवर पांढरा ठिपका. आई उन्हात आडवी. नर आला, पिल्लांनी त्याच्या तोंडाला तोंड लावून भंडावून सोडलं, तसं त्यानं पोटातलं मांस ओकून त्यांच्यापुढं टाकलं. मग एका पिल्लानं कुणाची तरी तुटकी चप्पल ओढत आणली आणि बाकीची तिघं तिच्यामागं लागली. रोलचे छत्तीस फोटो संपले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी रडतोय.

गावातल्या शाळेत 26 जानेवारीला प्रदर्शन लावायचं ठरलं. गुरुजींनी वर्ग दिला. मी फोटो मोठे करून आणले, पुठ्ठ्यावर चिकटवले. आदल्या दिवशी लावत असताना चार पोरं आणि दोन मोठी माणसं आत आली. एकजण म्हणाला, "हे आपल्यातलं न्हाय. हे आफ्रिकेतलं. पुस्तकातनं काढल्यात." दुसरा हसला. "ह्यो उसाचा क्लार्क, ह्याला लांडगा पोज देतुय व्हय?"

परत तेच. फोटो असूनही तेच. माझं डोकं फिरलं. रात्री घरी येऊन लाल पेन घेतलं आणि एकेका फोटोखाली पट्टी चिकटवून, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं. तारीख, वेळ, गावाचं नाव, गट नंबर. रजिस्टरात लिहायचो तसं. आता म्हणा आफ्रिका.

दुसऱ्या दिवशी म्हणण्यासारखं कोणाला काही उरलं नाही. लोक पट्टी वाचायचे आणि "आरं, हे तर अमक्याच्या रानाच्या वरल्या अंगाला," असं म्हणून दुसऱ्याला बोलवायचे. चार गावांची माणसं येऊन गेली. सरपंचांनी शाल दिली. मंडळी पहिल्यांदा माझ्या शेजारी उभी राहिली. मला वाटलं, बावीस वर्षांचं वसूल झालं.

पाचव्या दिवशी पहाटे गेलो. गोणपाट टाकायच्या आधीच वास आला. बिळाच्या तोंडात बोरीच्या फांद्या ठासलेल्या, त्यात कडबा कोंबलेला, आणि सगळं जळून काळं झालेलं. वरची माती धुरानं काळवंडली होती. चप्पल तिथंच होती, निम्मी वितळलेली.

आत काय झालं ते मी उकरून बघितलं नाही. लांडगीण कधीकधी चाहूल लागली की पिल्लं दुसरीकडं हलवते. ती हलवली असतील असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण त्यानंतरच्या तीन-चार संध्याकाळी दोन्ही जनावरं त्याच ओघळीवर येऊन लांब गळा काढत होती, ते मी ऐकलं. पिल्लं हलवलेलं जनावर जुन्या बिळापाशी कशाला येईल, हे मला विचारू नका.

कोणी केलं ते कळलं नाही. मी हुडकलंही नाही. त्या महिन्यात दोन-तीन घरच्या शेळ्या गेल्या होत्या, एकाचं वासरू गेलं होतं. तापलेली माणसं होती. पण जागा त्यांना कोणी दाखवली ते मला माहीत होतं, अक्षर माझं होतं.

आबांच्या वाड्यावर गेलो. त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी मला बस म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, "चित्राखाली काय ल्हिलंतंस?"

मी सांगितलं.

आबांना अक्षर येत नव्हतं, पण जमिनीचे कागद पुरे माहीत होते. म्हणाले, "म्हंजी तू त्येंचा सात-बारा काढून दिलास."

पुढचे आठ महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. शेतात राबलो. ज्वारी काढली, शेवग्याची झाडं लावली, विहिरीतला गाळ काढला. कोणी फोटोला बोलावलं तर कॅमेरा बिघडलाय म्हणायचो. मंडळीनं सगळं बघितलं. दिवाळीच्या सुमाराला एका रात्री म्हणाली, "माझ्या पाटल्या त्या डबड्यात हायत. ते फडताळात ठिवून कुजवायचं आसंल तर पाटल्या परत आणा." एवढंच बोलली आणि कूस बदलून झोपली. मी रात्रभर जागा होतो. तिला माझं फोटोचं वेड कधीच पटलं नव्हतं, आजही फारसं पटलेलं नाही. पण घेतलेलं काम टाकून दिलेलं तिला त्याहून पटत नाही.

परत सुरुवात केली ती बोलण्यापासून. शाळेतल्या गुरुजींनी शनिवारचा तास दिला. फोटो दोन-तीनच न्यायचे, बाकी सांगायचं. रानमांजराची टोपली सांगितली. तिचा तर फोटोच नव्हता. आणि काय नवल, पोरांनी एकदाही 'फोटो हाय का' विचारलं नाही. त्यांनी विचारलं, तिसऱ्या पिल्लाला उशीर का झाला? ती बाई आता कुठं असते? मग लांडग्याच्या बापाची गोष्ट सांगितली, पोटात भाकरी घेऊन येणाऱ्या. कुठल्या माळावर ते सांगितलं नाही. पोरांना ते नकोच होतं. गोष्टीतला माळ त्यांना आपापल्या घराच्या मागचाच वाटत होता.

एका शनिवारी मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. सहावीतला असेल. म्हणाला, "तुमी लांडग्याचं चांगलं सांगता. आमच्या दोन शेळ्या खाल्ल्या त्येनं. त्यातली एक माझी व्हती."

वर्ग गप्प. मी पण गप्प. गोष्टीत त्याच्या शेळीला जागाच ठेवली नव्हती मी. शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. बाप चिडलेला होता आणि चिडायला कारण होतं. दोन शेळ्या म्हणजे त्या घराचं वर्षाचं मीठ-मिरची. त्याला भरपाई मिळते हे माहीत नव्हतं. शेळ्या त्यानं त्याच दिवशी पुरल्या होत्या, त्यामुळं काही करता आलं नाही. पण तिथून मला एक काम मिळालं, जे मला खरंच येत होतं. अर्ज लिहिणं.

लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्याच बरोबरीला, पहिल्या अनुसूचीत आहे. त्यानं शेळी-मेंढी मारली तर सरकार भरपाई देतं. मात्र 48 तासांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं, मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, पंचनामा करून घ्यायचा. मेंढपाळ आज इथं, उद्या तिथं. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत त्याचा वाडा पुढं गेलेला असतो. म्हणून बहुतेक जण नादच सोडतात. तेव्हापासून आसपासच्या आठ-दहा गावांत कुणाचं जनावर गेलं की मला निरोप येतो. मी जातो, फोटो काढतो, चारी बाजूंनी, दाताच्या खुणांसकट, आणि अर्ज लिहितो. तारीख, वेळ, गाव, गट नंबर. इथं गट नंबर बरोबर लागतो. चुकला तर एकाची भरपाई दुसऱ्याच्या खात्यात जाईल.

सगळ्यांना पैसे मिळतात असं नाही. मिळाले तर वेळेवर मिळतात असंही नाही. पण बिळात कडबा कोंबायच्या आधी माणूस आता एक दिवस थांबतो. तेवढा एक दिवस मला पुरतो, जाऊन बोलायला.

अण्णांचं सांगायचं राहिलं. माझ्या वडिलांनी माझ्या एकाही फोटोकडं कधी धड बघितलं नव्हतं. नोकरी सोडली ह्याचा राग त्यांनी दहा वर्षं धरला. 2013 च्या दुष्काळात उजनीचं पाणी पार तळाला गेलं आणि पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं. मी जाऊन फोटो काढले. शिखर, भेगाळलेला गाळ, मंडपाचे खांब. घरी आणून त्यांच्या बाजेवर ठेवले. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, त्यांनी फोटो नाकाजवळ नेला. बोट फिरवत एका दगडापाशी थांबले. म्हणाले, "हितं आमी भिजलेली धोतरं वाळत घालायचो." फोटो उशाखाली ठेवून घेतला. कुठला ते विचारायची त्यांना गरज पडली नाही.

आता दिवस बदलले. आमच्या माळाला किंमत आली. कडबनवाडीच्या बाजूला वनखात्यानं गवताळ माळाची सफारी चालू केली. ठरलेले रस्ते, गावचीच पोरं वाटाडे. हे मला बरं वाटतं, निदान गाडी कुठं न्यायची नाही ते सांगणारं कोणी आहे. त्याआधी मी बघितलंय, लांडग्यामागं चारी बाजूंनी जीपगाड्या, आणि प्रत्येकाच्या खिडकीतून हातभर भिंग. लांडगीण व्यालेली आहे का, तिला पिल्लांकडं जायचंय का, कोणाला पडलेली नसते. बरेच जण माझ्याकडंही येतात. चहा झाला की पहिला प्रश्न, "काका, लोकेशन?" मी सांगतो, माळावर. काही हसतात, काही रागावतात. माझा धाकटा सांगत होता, आता मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या पोटातच जागा लिहिलेली असते, आपण पट्टी लावायची गरज नाही. ते ऐकल्यापासून मी मोबाइलवर फोटो काढत नाही. त्यानं ते बंद करायचं बटण दाखवलंय, पण माझा विश्वास नाही.

जुने फोटो आहेत अजून. चपलेचा तो एक मंडळीनं चौकट करून भिंतीवर लावलाय. खालची पट्टी मी कात्रीनं कापून टाकली, थोडी वाकडी कापली गेली.

ह्या थंडीत पुण्याहून एक मुलगा आला. तिशीचा असेल. कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा, ते सोडून फोटो आणि लिहिणं करायचं म्हणतो. मला विचारायला आला, सोडू का? मी काही बोलायच्या आधी मंडळीनं आतून विचारलं, "लगीन झालंय का?" झालंय म्हणाला. "बायकोला इचारलंय का?" तो गप्प बसला. "मग आधी तिकडं जा," म्हणाली. पण जेवू घातलं त्याला, आणि पहाटे आमच्यासाठी डबाही दिला.

त्याला मी ओघळीकडं नेलं. जुन्या नाही, दुसऱ्या. वारा समोरून होता. पोरगं गुणी, चार तास हललं नाही. उजाडता उजाडता नर दिसला, तोही लांब, गवताच्या वर नुसते कान आणि पाठ. त्याला फोटो असा मिळालाच नाही. तरी उठताना त्याचा चेहरा मी बघितला, आणि मला 1981 ची माझी सायकल आठवली.

बोरीखाली बसून त्यानं पिशवीतनं वही काढली. रकाने आखलेली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, काय दिसलं ते लिहिलं. मग ठिकाणाच्या रकान्यावर पेन धरून माझ्याकडं बघितलं.

मी घोंगडी झटकली. म्हटलं, "चल, च्या घिऊ."